पन्नास ओहमचा संकेत आणि वनप्रदेशातील वाहन : व्यत्यय-निवारक फिल्टरांच्या रचनापद्धतीची चिकित्सा

१

एखाद्या रचनापद्धतीची चिकित्सा करताना दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे ठेवावे लागतात. ती पद्धत आपल्या गृहीतांशी प्रामाणिक आहे काय, हा पहिला प्रश्न. ती गृहीते, जेथे ती पद्धत वापरली जाते तेथे, खरी ठरतात काय, हा दुसरा. वाहनातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांपासून उद्भवणारा विद्युत् चुंबकीय व्यत्यय कमी करण्यासाठी जे फिल्टर योजले जातात, त्यांच्या प्रचलित रचनापद्धतीला पहिला प्रश्न विचारला तर उत्तर बव्हंशी समाधानकारक मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तसे मिळत नाही. वाहन चंद्रपूर वा गडचिरोली जिल्ह्यातील वनप्रदेशात उभे असेल आणि त्यातील माणूस एखाद्या क्षीण बिनतारी संदेशाची वाट पाहत असेल, तर हे असमाधान केवळ शास्त्रीय राहत नाही.

प्रचलित पद्धत थोडक्यात अशी आहे. उपकरण फिल्टराविना प्रयोगशाळेत मोजावयाचे. मोजलेली व्यत्ययाची पातळी आणि मानकाने घालून दिलेली मर्यादा यांतील अंतर डेसिबेलमध्ये काढावयाचे. त्यात सहा-एक डेसिबेलची सवलत मिळवून आवश्यक क्षीणन ठरवावयाचे. आणि एक वेटोळे व एक धारित्र यांच्या जोडीपासून दर दशकाला ४० डेसिबेल मिळतात हे धरून छेदन-कंप्रता निश्चित करावयाची. ही पद्धत सुव्यवस्थित रूपात मांडणारा शिह, चेन आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो निबंध प्रत्यावर्ती पुरवठ्यावर चालणाऱ्या उपकरणांसाठी होता, आणि त्या क्षेत्रात त्याची उपयुक्तता वादातीत आहे. पुढे हीच रीत वाहनाच्या १२ आणि २४ व्होल्टच्या जगात जवळजवळ जशीच्या तशी आली. पदव्युत्तर प्रबंधांत ती इतकी रुळली आहे की तिच्या मागील गृहीते तपासण्याची गरज क्वचितच भासते. येथे त्या गृहीतांचीच तपासणी करावयाची आहे.

२

फिल्टराचे शास्त्र दूरध्वनीच्या तारांवर जन्मले. कॅम्बेलची अमेरिकन एकस्वे १९१७ मध्ये मंजूर झाली; जर्मनीत वाग्नर याने सुमारे त्याच काळात स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली; झोबेलचा विस्तृत निबंध १९२३ मध्ये आणि बटरवर्थचा १९३० मध्ये आला. या सर्वांच्या मांडणीत एक समान अट होती. फिल्टराच्या दोन्ही बाजूंना असलेला संरोध ज्ञात आहे, तो बव्हंशी रोधस्वरूप आहे, आणि तो अभियंत्याच्या हातात आहे. दूरध्वनीच्या तारेसाठी ही अट स्वाभाविक होती, कारण तार, प्रवर्धक आणि फिल्टर ही एकाच यंत्रणेची अपत्ये होती.

पन्नास ओहमचा संकेत हा त्याच परंपरेचा वारस. मापनयंत्रे पन्नास ओहमची, केबल पन्नास ओहमची. म्हणून फिल्टराचा निवेशन-क्षय, म्हणजे फिल्टर घातल्याने घटणारा व्यत्यय, तोही दोन्ही टोकांना पन्नास ओहम लावून मोजावयाचा, असा प्रघात पडला. उत्पादकांच्या सूचिपत्रांत छापलेले आलेख प्रायः याच रीतीने काढलेले असतात. या संकेताचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. पुण्यात मोजलेला फिल्टर आणि जपानात मोजलेला फिल्टर यांची त्यामुळे तुलना करता येते, आणि पुनरावृत्तीयोग्य मापनाविना शास्त्र उभे राहत नाही. पण तुलना करण्याची सोय ही एक गोष्ट आणि प्रत्यक्षाचे वर्णन ही दुसरी. पहिलीला दुसरीच्या जागी बसविणे हा प्रमाद होय.

या प्रमादाचे मोल एका साध्या उदाहरणाने कळते. वाहनावर नंतर बसविलेल्या एखाद्या एलईडी दिव्यातील परिवर्तक ३०० किलोहर्ट्‌झला उघडझाप करतो, असे समजा. त्याच्या पुरवठ्याच्या तारांवर १ मायक्रोफॅरडचे धारित्र, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील कंडेन्सर, आडवे लावले. ३०० किलोहर्ट्‌झला त्याचा संरोध सुमारे ०.५३ ओहम. दोन्ही बाजूंना पन्नास ओहम असतील तर निवेशन-क्षय ३३ डेसिबेलहून थोडा अधिक येतो, आणि सूचिपत्रातील आलेखही तेच सांगतो. पण अशा परिवर्तकाच्या तोंडाशी आधीच एक धारित्र असते, म्हणून व्यत्ययाच्या उगमाचा संरोध पन्नास ओहम नसून अर्ध्या ओहमच्या आसपास असू शकतो. तो ०.५ ओहम रोधस्वरूप धरून गणित पुन्हा केले तर निवेशन-क्षय जेमतेम २.७ डेसिबेल उरतो. धारित्र तेच, कंप्रता तीच. फक्त शेजार बदलला आणि ३३ चे ३ झाले. उगमाचा संरोध रोधस्वरूप नसून प्रवर्तकी असता तर अनुस्पंदनामुळे व्यत्यय घटण्याऐवजी वाढण्याचाही संभव होता.

मानककारांना ही अडचण अपरिचित नव्हती. फिल्टरांच्या मापनासंबंधीच्या सिस्पर १७ या मानकात एका बाजूस ०.१ ओहम व दुसऱ्या बाजूस १०० ओहम, आणि त्याउलट, असे मापनही दिले आहे. विपरीत शेजारात फिल्टर कसा वागेल याचा अंदाज यावा, हाच त्यामागील हेतू. हेन्री ऑट आणि क्लेटन पॉल यांच्या सर्वत्र अभ्यासल्या जाणाऱ्या ग्रंथांतही घटकांच्या परोपजीवी गुणधर्मांची चर्चा विस्ताराने येते. तेव्हा दोष शास्त्राचा नाही, शास्त्रातून सोयीचे तेवढेच उचलण्याच्या सवयीचा आहे. विद्यार्थी ०.१ व १०० ओहमचा आलेख पाहत नाही, कारण तो पाहिला तर फिल्टर महाग आणि निकाल अनिश्चित दिसतो.

३

वाहनासाठी मानकांनी पन्नास ओहम जसेच्या तसे घेतले नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. वाहनातील ग्राहींच्या संरक्षणासाठी असलेल्या सिस्पर २५ मध्ये कृत्रिम जाल ५ मायक्रोहेन्‍री व ५० ओहम यांच्या संयोगाचे आहे. तारेचे प्रवर्तकत्व मीटरला साधारण एक मायक्रोहेन्‍री धरले तर हे जाल सुमारे पाच मीटर तारेचे प्रतिनिधित्व करते. १५० किलोहर्ट्‌झला त्याच्या वेटोळ्याचा संरोध ४.७ ओहम असतो, सुमारे १.६ मेगाहर्ट्‌झला तो ५० ओहम होतो. त्यापुढे मात्र जाल पन्नास ओहमच्या रोधासारखेच वागू लागते.

पाच मीटर ही मध्यम आकाराच्या मोटारीची सरासरी म्हणून ठीक आहे. पण ताडोब्याच्या वाटांवर फिरणारी उघडी जीपगाडी आणि चंद्रपूरच्या उघड्या कोळसा खाणीतील डंपर या दोहोंना एकच सरासरी लावता येत नाही. जीपगाडीत बॅटरीपासून हातभर अंतरावर चार्जर बसविलेला असतो, आणि तेथे तारेचे प्रवर्तकत्व अर्ध्या मायक्रोहेन्‍रीच्या घरात असते. डंपरात तीच तार दहा मीटरांहून लांब धावते. प्रयोगशाळेतील एका जालापुढे जुळविलेला फिल्टर या दोन टोकांना सारखाच वागेल, अशी अपेक्षा ठेवण्यास काही आधार नाही.

याहून मूलगामी फरक परतीच्या वाटेचा आहे. प्रत्यावर्ती पुरवठ्याच्या पद्धतीत दोन तारांतून उलटसुलट जाणारा व्यत्यय आणि दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाऊन भूतारेने परतणारा व्यत्यय असे दोन स्वच्छ भाग पाडता येतात. अभियंते त्यांना अनुक्रमे डिफरन्शियल मोड आणि कॉमन मोड म्हणतात. वाहनात चासी हीच पुष्कळदा परतीची तार असते. जे उपकरण जवळच चासीला जोडलेले असते त्याच्या बाबतीत या दोन भागांतील सीमारेषाच पुसट होते. सिस्पर २५ ने परतीची तार २०० मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर दोन जाले आणि आखूड असेल तर एकच जाल, असा भेद केला आहे. पण प्रचलित रचनापद्धतीत हा भेद मापनापुरता पाळला जातो. फिल्टराची आकृती मात्र घरगुती पुरवठ्यावरून उचललेली, दोन वेटोळी एकाच गाभ्यावर गुंडाळलेली, तशीच राहते. परतीचा बहुतांश प्रवाह चासीतून जात असेल तर असा गाभा एका बाजूच्या पूर्ण प्रवाहाने संपृक्त होतो आणि त्याचे प्रवर्तकत्व ढासळते. मग फिल्टर कागदावर उरतो.

४

चंद्रपूर जिल्ह्यातच फिल्टर-रचनेची एक वेगळी शिस्त पाहावयास मिळते, आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय ही चिकित्सा अपुरी राहील. भद्रावतीजवळ पश्चिम आणि दक्षिण विभागांतील वीजजालांना जोडणारे १००० मेगावॉटचे उच्चदाब एकदिश परिवर्तन-केंद्र आहे. चंद्रपूरहून पडघ्याकडे जाणारी ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉटची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुमारे ७५० किलोमीटर धावते. अशा केंद्रांतील बारा-स्पंदी परिवर्तकांमुळे प्रत्यावर्ती बाजूस ११ वी, १३ वी, २३ वी, २५ वी अशी हरात्मके उत्पन्न होतात. ५० हर्ट्‌झच्या हिशेबाने पहिली दोन ५५० आणि ६५० हर्ट्‌झला पडतात. त्यांना अडविण्यासाठी प्रचंड आकाराचे फिल्टर उभे करावे लागतात.

या फिल्टरांचा अभियंता जालाचा संरोध एका आकड्यात धरीत नाही. किती जनित्रे चालू आहेत, कोणत्या वाहिन्या बंद आहेत, भार किती आहे, यांनुसार तो संरोध दिवसातून अनेकदा बदलतो हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो संरोध-प्रतलावर एक प्रदेश आखतो, एखादे वर्तुळ किंवा पाचर, आणि त्या प्रदेशातील सर्वांत प्रतिकूल बिंदूपुढेही आपला फिल्टर टिकेल याची खात्री करून घेतो. फिल्टर आणि जाल यांच्यात अनुस्पंदन घडेल काय, हा प्रश्न तो प्रथम विचारतो. क्षीणन किती, हा नंतर.

वाहनाच्या फिल्टराला ही शिस्त लावण्यात तत्त्वतः कोणतीच अडचण नाही. येथेही संरोध बदलता असतो. बॅटरी जुनी होते, तार बदलते, भार कमीजास्त होतो. फरक इतकाच की परिवर्तन-केंद्रातील चूक कोट्यवधींची असते आणि दिव्यातील चूक काही शे रुपयांची. म्हणून पहिलीसाठी प्रदेश आखला जातो आणि दुसरीसाठी एक आकडा पुरे मानला जातो. पण चुकीची किंमत उपकरणाच्या किमतीवरून ठरवावी काय, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

५

प्रचलित पद्धतीत अनुस्पंदन दुर्लक्षित राहते, याचे आणखी गंभीर रूप परिवर्तकाच्या स्थैर्यात दिसते. मिडलब्रुकने १९७६ मध्ये दाखवून दिले की नियंत्रित परिवर्तक आपल्या पुरवठ्याला ऋण रोधासारखा दिसतो. कारण उघड आहे: बाहेर दिली जाणारी शक्ती स्थिर असल्याने दाब घटला की तो प्रवाह वाढवितो. १२ व्होल्टवर ६० वॉट घेणाऱ्या परिवर्तकाचा हा ऋण रोध २.४ ओहम येतो. इंजिन सुरू करताना दाब ९ व्होल्टवर उतरला तर तो १.३५ ओहम होतो.

आता १० मायक्रोहेन्‍रीचे वेटोळे आणि १० मायक्रोफॅरडचे सिरॅमिक धारित्र यांचा फिल्टर घ्या. त्याची अनुस्पंदन-कंप्रता सुमारे १६ किलोहर्ट्‌झ आणि वैशिष्ट्यसंरोध १ ओहम. वेटोळ्याचा रोध ०.०५ ओहम असेल आणि धारित्राचा त्याहून कमी, तर अनुस्पंदनाला फिल्टराचा बाहेरून दिसणारा संरोध २० ओहमपर्यंत चढतो. परिवर्तकाच्या २.४ ओहमच्या ऋण रोधापुढे हे वीस ओहम म्हणजे आंदोलनाला आमंत्रण. जो फिल्टर व्यत्यय शमविण्यासाठी बसविला तोच येथे नव्या व्यत्ययाचा जनक होतो. येथे उद्वेगजनक गोष्ट ही की वेटोळ्याचा रोध कमी ठेवणे आणि उत्तम धारित्र निवडणे ही एरवी चांगल्या अभियंत्याची लक्षणे मानली जातात. या ठिकाणी चांगुलपणाच अपायकारक ठरतो.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. मुख्य धारित्राच्या चौपट मूल्याचे दुसरे धारित्र, वैशिष्ट्यसंरोधाएवढ्या रोधासह, त्याला समांतर लावले की अनुस्पंदन दबते. साध्या ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक धारित्राचा अंगभूत रोधच कित्येकदा हे काम करतो. पण याच ठिकाणी प्रदेशाचा विचार करावा लागतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे अनेकदा जातो, आणि बॉनेटखाली उष्णतामान याहून बरेच अधिक असते. इलेक्ट्रोलिटिक धारित्राचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीस साधारण निम्मे होते, हा अनुभवसिद्ध नियम आहे. त्यातील द्रव आटत जातो, धारणा घटते, रोध वाढतो. जो रोध पहिल्या वर्षी अनुस्पंदन दाबीत होता, तोच चौथ्या वर्षी इतका वाढलेला असतो की दाबण्याचे काम थांबते. सिरॅमिक धारित्रे उष्णता सहन करतात. पण अधिक पारविद्युतांकाच्या जातीची धारित्रे एकदिश दाबाखाली आपली धारणा लक्षणीय प्रमाणात गमावतात. प्रबंधांतील निष्कर्ष मात्र बहुधा २५ अंशांचे आणि नव्या घटकांचे असतात. फिल्टर कोणत्या उन्हाळ्यात आणि कितव्या वर्षी मोजला, हे न सांगणारा निष्कर्ष अर्धाच म्हटला पाहिजे.

६

येथवरची टीका फिल्टराच्या आतील आहे. याहून महत्त्वाचा प्रश्न बाहेरचा: फिल्टर कोणासाठी?

व्यत्ययाच्या मानकांचा जन्म ऐकणाऱ्याच्या तक्रारीतून झाला. सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करीत आहे, आणि तिचे आरंभीचे कार्य नभोवाणी ऐकणाऱ्याचे संरक्षण हेच होते. आजही सिस्पर १२ वाहनाबाहेरील ग्राहीचे संरक्षण करू पाहते आणि सिस्पर २५ वाहनातील ग्राहीचे. भारतातील एआयएस-००४ भाग ३ हे मानक संयुक्त राष्ट्रांच्या दहाव्या विनियमाच्या धर्तीवर बेतलेले आहे, आणि पुण्याच्या एआरएआय या १९६६ पासूनच्या संस्थेत त्याप्रमाणे चाचण्या होतात. या चाचण्यांनी भारतीय वाहनांचा दर्जा उंचावला, हे निर्विवाद. परंतु मर्यादा जेव्हा आकडा बनते तेव्हा ऐकणारा हळूहळू दृष्टीआड होतो. अभियंता आकड्यासाठी फिल्टर रचतो आणि आकडा गाठला की थांबतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत ऐकणारा कोण आहे, हे पाहिले म्हणजे या विस्मृतीचा अर्थ कळतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि ब्रह्मपुरी वनविभाग या भागांत भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्र वनविभाग यांनी काही वाघांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा अभ्यास केला आहे. अशा कॉलरांत उपग्रहाद्वारे स्थान कळविण्याची सोय असली तरी प्रत्यक्ष जनावराजवळ पोचण्यासाठी अतिउच्च कंप्रतेचा, प्रायः १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा, सेकंदाला एखादा असा क्षीण स्पंद ऐकावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसे दगावतात. वाघ गावाच्या कोणत्या अंगाला आहे हे वेळेवर कळणे ही तेथे कुतूहलाची बाब नव्हे. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी वाहनातील बिनतारी संच हाच कित्येकदा दुवा उरतो.

या ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हिशेब मांडून पाहावा. सामान्य उष्णतामानाला औष्णिक गोंगाट दर हर्ट्‌झला −१७४ डेसिबेल-मिलिवॅट असतो. १ किलोहर्ट्‌झच्या अरुंद पट्ट्याच्या ग्राहीत तो −१४४ होतो. त्यात बाहेरचा मानवनिर्मित गोंगाट मिळवावयाचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी-३७२ या शिफारशीतील सूत्राप्रमाणे १५० मेगाहर्ट्‌झला हा गोंगाट शहरात औष्णिक पातळीच्या सुमारे १६.५ डेसिबेल वर आणि ग्रामीण भागात सुमारे ७ डेसिबेल वर असतो. ग्राहीचा स्वतःचा गोंगाटांक ४ डेसिबेल धरला तर एकूण तळ शहरात सुमारे −१२७ आणि ग्रामीण भागात सुमारे −१३६ डेसिबेल-मिलिवॅट येतो.

आता वाहनातील एखादा चार्जर याच कंप्रतेला आकाशकापाशी −१३० डेसिबेल-मिलिवॅटचा व्यत्यय पोचवितो, असे समजा. शहरात तो तीन डेसिबेल खाली, गोंगाटात बुडालेला. कोणाच्या ध्यानीही येणार नाही. वनात तोच तळाच्या सहा डेसिबेल वर उभा राहतो आणि कॉलरचा स्पंद झाकून टाकतो. प्रयोगशाळेतील मापनयंत्राला तो दिसेल काय? ३० मेगाहर्ट्‌झच्या वर सिस्परच्या ग्राहीचा रूढ पट्टा १२० किलोहर्ट्‌झचा. त्यातील निव्वळ औष्णिक गोंगाटच −१२३ होतो. म्हणजे आदर्श यंत्रालाही हा व्यत्यय आपल्या तळाखाली सात डेसिबेल बुडालेला असेल. ९ किलोहर्ट्‌झचा पट्टा घेतला तरी तळ −१३४ पर्यंतच उतरतो, आणि यंत्राचा स्वतःचा गोंगाटांक पाच-सहा डेसिबेल धरला की तोही व्यत्ययाच्या पातळीवर येऊन ठेपतो. सारांश, ज्या व्यत्ययाने वनातील श्रोता बहिरा होतो तो मोजण्यास प्रयोगशाळेचे साधनच पुरेसे संवेदनशील नाही. उपकरण उत्तीर्ण होते ते मुळात त्या प्रश्नाची परीक्षाच झाली नाही म्हणून.

सहा डेसिबेल म्हणजे किती, असे विचारले जाईल. मोकळ्या अवकाशात सहा डेसिबेलने ऐकू येण्याचे अंतर निम्मे होते आणि क्षेत्र चतुर्थांश. झाडीत संदेश अंतराच्या चतुर्थ घाताने क्षीण होतो असे धरले तर अंतर सुमारे ०.७ पट आणि क्षेत्र निम्मे उरते. अर्धे रान ऐकण्याच्या कक्षेबाहेर जाते, तेही वाहनाला प्रमाणपत्र असताना.

यावर आक्षेप येईल की मागोवा घेणारे इंजिन बंद करतात, खाली उतरतात आणि आकाशक हातात धरून ऐकतात. हे खरे आहे, आणि अनुभवातून आलेले हे शहाणपण कोणत्याही फिल्टराहून मोलाचे आहे. पण हा उपाय ठिणगीच्या इंजिनाच्या काळातला आहे. तेव्हा व्यत्ययाचा मुख्य उगम प्रज्वलन-यंत्रणा हा होता. किल्ली फिरविली की शांतता होत असे. आता बॅटरीला कायम जोडलेले स्थाननिदर्शक, चार्जर, कॅमेरे हे किल्ली फिरविल्यावरही जागे असतात. प्रवासी वाहनांना एआयएस-१४० नुसार स्थाननिदर्शक यंत्र लावणे २०१९ पासून नव्या वाहनांत अनिवार्य झाले, आणि असे यंत्र झोपत नाही. शिवाय वाघाच्या रानात प्रत्येक वेळी वाहनापासून दूर चालत जा, असे सांगणे हे अभियंत्याने आपले काम दुसऱ्याच्या पायांवर ढकलणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मानके सर्वांसाठी असतात. एका वनप्रदेशातील मूठभर श्रोत्यांसाठी देशभरच्या वाहनांची किंमत वाढवावी काय? वाढवू नये. पण हा आक्षेप मर्यादा कठोर करण्याविरुद्ध आहे, रचनापद्धती सुधारण्याविरुद्ध नाही. शिवाय वनविभागाच्या वा पोलिसांच्या वाहनावर नंतर बसविलेले दिवे आणि चार्जर हे मूळ प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेरचे असतात. वाहनाची चाचणी झाली तेव्हा ते वाहनावर नव्हतेच. तेथे मानक बोलत नाही. तेथे केवळ रचनाकाराचा विवेकच बोलू शकतो.

७

१५० मेगाहर्ट्‌झला फिल्टर कसा वागतो हे पाहिले की आणखी एक गैरसमज दूर होतो. पूर्वोक्त १ मायक्रोफॅरडचे धारित्र एकूण दोन सेंटिमीटर पायांनी जोडले तर त्या पायांचे प्रवर्तकत्व सुमारे २० नॅनोहेन्‍री होते. १५० मेगाहर्ट्‌झला त्याचा संरोध जवळजवळ १९ ओहम. सोयीच्या पन्नास ओहमच्या जगातही आता निवेशन-क्षय साडेचार डेसिबेलपेक्षा कमी. म्हणजे या कंप्रतेला ते धारित्र राहिलेले नाही, ती दोन सेंटिमीटरची तार झाली आहे. येथे मूल्यापेक्षा जागा महत्त्वाची ठरते: पाय किती आखूड, चासीशी जोड किती रुंद, फिल्टरातून बाहेर पडलेली तार पुन्हा गोंगाटाच्या तारेजवळून जाते की नाही. दर दशकाला ४० डेसिबेल हे सूत्र या प्रदेशात निरर्थक होते. तरीही प्रबंधांत छेदन-कंप्रतेचे गणित पानेच्या पाने व्यापते आणि घटक कोठे व कसा बसविला याला दोन ओळी मिळतात. हे प्रमाण उलटे व्हावयास हवे.

तेव्हा विधायक सूचना अशा करता येतील. पहिली, रचनेचा आरंभ मर्यादेपासून न करता श्रोत्यापासून करावा: कोणती कंप्रता, किती रुंद पट्टा, किती क्षीण संदेश, आणि सभोवती किती शांतता. दुसरी, उगमाचा व पुरवठ्याचा संरोध एका आकड्यात न मांडता प्रदेशाच्या रूपात मांडावा, आणि त्यातील प्रतिकूल बिंदूपुढे फिल्टर तपासावा. ज्या विद्यार्थ्याने भद्रावतीच्या केंद्रातील फिल्टरांचा अभ्यास केला आहे त्याला ही रीत नवी वाटणार नाही. तिसरी, क्षीणनाआधी अनुस्पंदन आणि स्थैर्य यांची परीक्षा व्हावी, आणि ती किमान पुरवठा-दाबाला व जुन्या झालेल्या घटकांसह व्हावी. चौथी, शेवटचे मापन प्रत्यक्ष वाहनात, त्याच्याच आकाशकावर, अरुंद पट्ट्याच्या ग्राहीने आणि शांत ठिकाणी घ्यावे. प्रत्येक उपकरण एकेक करून चालू-बंद करावे आणि तळ किती चढतो ते नोंदवावे.

या चौथ्या मापनाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. संगणकाला जोडावयाचा साधा सॉफ्टवेअर-ग्राही, एक प्रवर्धक आणि धीर एवढे साहित्य पुरते. आणि येथे वनप्रदेशातील महाविद्यालयांना एक अनपेक्षित लाभ आहे. मुंबई-पुण्यातील प्रयोगशाळेला जी शांतता धातूच्या भिंती उभारून, मोठ्या खर्चाने निर्माण करावी लागते, तिच्या जवळपासची शांतता भामरागड वा एटापल्लीच्या रानात सहज मिळू शकते. ज्या जिल्ह्यांना तांत्रिक शिक्षणाच्या नकाशावर दूरचे समजले जाते, तेथे या एका विषयापुरती तरी परिस्थिती अधिक अनुकूल आहे.

पन्नास ओहमचा संकेत टाकून द्यावा, असा या चिकित्सेचा निष्कर्ष नाही. तो तुलनेचे साधन म्हणून राहावा. सत्याचा पर्याय म्हणून राहू नये. फिल्टराची परीक्षा आलेखात होते, हे अर्धेच खरे. उरलेली परीक्षा पहाटेच्या वेळी, रानाच्या कडेला थांबलेल्या वाहनाशेजारी, कानाला यंत्र लावून उभा असलेला माणूस घेतो. त्याला स्पंद ऐकू आला तर फिल्टर उत्तीर्ण.